खीर, रेडकू आणि पिठाचा कोंबडा



यंदा क्षमावाणी गुरुवारी आली, आणि नेमकं त्याच दिवशी आमच्या घरी खपलीच्या खिरीवरून वाजलं. सगळ्यांची क्षमा मागून झाली, ताटं मांडली आणि मग वाद. हसू येतं आता. पण त्या वादामुळे मी महिनाभर जुनी पुस्तकं उघडून बसले. त्यातलं जे हाती लागलं ते आज सांगते.

झालं असं की माझी लेक गेल्या दीड वर्षापासून दूध घेत नाही. दूध, दही, तूप, पनीर काहीच नाही, चहासुद्धा कोरा. आणि माझ्या सासूबाई चातुर्मासात वारानुसार एकेक रस सोडतात. रविवारी मीठ, सोमवारी हिरवं, मंगळवारी गोड, बुधवारी तूप, गुरुवारी दूध, शुक्रवारी दही, शनिवारी तेल. तुमच्यापैकी कित्येकींच्या घरी हा नेम असेल. मला वाटलं, गुरुवार आहे, दोघींनाही दूध चालत नाही, आयतंच जमलं. दोन नारळांचं दूध काढलं आणि खिरीत घातलं. खीर झालीही छान.

सासूबाईंनी वाटीकडे बघून विचारलं, "ह्यात पांढरं काय घातलंयस?" मी सांगितलं. त्यांनी वाटी हळूच बाजूला सारली. "गुरुवारी दूध सोडलंय, म्हणजे दुधाची याद सुद्धा सोडायची. जिभेला फसवून नेम पाळता येतो व्हय गं?"

लेक म्हणाली, "आजी, मी जिभेसाठी नाही सोडलं. रेडकासाठी सोडलंय."

ही दोन वाक्यं माझ्या डोक्यातून जाईनात. दोघींच्या ताटात दूध नाही, पण दोघींनी सोडलेली गोष्ट एक नाही. आपल्या धर्माच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी आहेत का? की एक आपली आणि दुसरी बाहेरून आलेली?

सासूबाईंची बाजू शोधायला फार लांब जावं लागलं नाही. तत्त्वार्थसूत्रात सहा बाह्य तपं सांगितली आहेत: अनशन, अवमौदर्य, वृत्तिपरिसंख्यान, रसपरित्याग, विविक्तशय्यासन आणि कायक्लेश. त्यातलं चौथं रसपरित्याग. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि मीठ हे आपल्याकडचे सहा रस. यादी नीट पाहा. दुधाच्या रांगेत मीठ बसलंय, तेल बसलंय. मिठासाठी कुणाचं वासरू तोडावं लागत नाही. म्हणजे ही यादी प्राण्याची नाहीच, जिभेची आहे. जे जेवणाला रुची आणतं ते सोडायचं, म्हणजे खाण्याची ओढ कमी होते. आपल्या श्वेतांबर भगिनींचं आयंबिल याच विचाराचं. चैत्र आणि आश्विनात नऊ-नऊ दिवस दूध नाही, दही नाही, तूप-तेल नाही, गोड नाही, भाजीपाला-फळं नाहीत. आजच्या भाषेत ते शंभर टक्के व्हेगन जेवण झालं. पण आयंबिल करणाऱ्या बाईला तुम्ही "व्हेगन आहात का" असं विचारलं तर ती दहाव्या दिवशी दुधाचा पेला हातात घेऊन तुमच्याकडे बघत राहील.

कारण दूध आपल्याकडे कधी अपवित्र नव्हतं. उलट फार मानाचं होतं. ऋषभदेवांचं पहिलं पारणं श्रेयांस राजाकडे उसाच्या रसाने झालं, ती आपली अक्षय्य तृतीया. पण बाकीच्या तेवीस तीर्थंकरांचं पहिलं पारणं खिरीचं, गाईच्या दुधातल्या क्षीरान्नाचं, असं परंपरा सांगते. सासूबाईंना हे तोंडपाठ आहे, आणि त्यांनी ते लेकीला दोनदा ऐकवलं. जन्माभिषेकाचं पाणी क्षीरसागराचं. तीर्थंकरांचं रक्त दुधासारखं पांढरं. श्रवणबेळगोळला गेलात तर बाहुबलींच्या समोर हातात लहानसं भांडं घेतलेली म्हातारी उभी आहे, गुळ्ळकायज्जी. इ.स. ९८१ च्या सुमारास चामुंडरायाने मूर्ती घडवली, अभिषेकाला हंडेच्या हंडे दूध आणलं, पण ते कमरेखाली उतरेना. शेवटी या म्हातारीच्या फळाच्या करवंटीतलं घोटभर दूध पायापर्यंत पोचलं, अशी कथा. आपल्या दक्षिणेकडच्या बाईला ही कथा लहानपणी कुणीतरी सांगितलेली असतेच.

अर्थात सगळीकडे असंच नाही. उत्तरेत सतराव्या शतकात आग्रा-जयपूर भागात दिगंबर तेरापंथ रुजला (श्वेतांबर तेरापंथ वेगळा, गल्लत करू नका). त्यांच्या मंदिरांत आजही अभिषेक फक्त पाण्याने होतो. आपल्याकडे पंचामृत. तेव्हा दुधावाचून अभिषेक म्हणजे पाखंड असं कुणी म्हणायला लागलं तर त्यांना जयपूरचं एखादं मंदिर दाखवून आणायला हवं.

आता लेकीची बाजू. मला आधी वाटायचं की हे सगळं इंटरनेटवरून आलेलं वेड आहे. 'व्हेगन' हा शब्द खरोखरच बाहेरचा. इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी व्हेगन सोसायटी काढली, तेव्हा तो तयार झाला. म्हणजे शब्द माझ्या सासूबाईंपेक्षाही लहान. पण लेकीने मला व्हेगन सोसायटीचं नाव सांगितलंच नाही. तिने पाठशाळेत पाठ केलेले अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार म्हणून दाखवले: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध.

मीच तिला ते पाठ करून घेतले होते, परीक्षेसाठी. बांधून घालणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं आणि अन्नपाणी तोडणं. हे अतिचार गृहस्थाचे आहेत, मुनींचे नव्हेत. म्हणजे ज्याच्या दारात गुरं आहेत त्याच्यासाठीच सांगितलेले. आणि पाचवा काय म्हणतो? आपल्या आश्रयाला असलेल्या जिवाचं खाणंपिणं अडवू नये. "मग आई, रेडकाच्या वाटणीचं दूध काढून घेणं कशात येतं?" असं तिने विचारलं. मी कणीक मळत होते, मळतच राहिले.

याचं उत्तर आधीच्या बायकांकडे होतं, आणि ते पुस्तकात नसून गोठ्यात होतं. सासूबाईंच्या माहेरी शिरोळ तालुक्यात दोन म्हशी होत्या. धार काढताना दोन सड रेडकासाठी सोडायचे, हा नियम. रेडकू आधी लुचणार, मग माणूस बसणार. आपले स्वयंपाकघरातले दुधाचे नियमही त्याच गोठ्यावर उभे आहेत, हे मला यंदा पहिल्यांदा जाणवलं. दूध काढल्यापासून दोन घटकांच्या आत, म्हणजे ४८ मिनिटांत, गाळून तापवलं पाहिजे. विरजणाला कालचं दही चालत नाही, म्हणून नारळाच्या करवंटीचा तुकडा, चांदीचं नाणं किंवा सुकी मिरची टाकून दही लावायचं. लोणी निघालं की लगेच कढवायचं, ठेवायचं नाही. मध तर मूळगुणांतच वर्ज्य. हे सगळे नियम पाळायचे तर म्हैस तुमच्या अंगणात नाहीतर शेजारच्या दारात हवी. पिशवीतल्या दुधाला दोन घटकांचा नियम कसा लावणार? ते काढल्यापासून किती तास झाले हे पिशवीलाच ठाऊक. म्हणून शोधाचं जेवणाऱ्या व्रती बायका आजही पिशवीचं दूध घेत नाहीत, आणि मुनिसंघ गावात आला की ओळखीच्या गोठ्याची शोधाशोध सुरू होते.

मग बदललं काय, तर गोठा. १९७० मध्ये दुधाचा महापूर योजना सुरू झाली, आमच्या भागात तर सहकारी दूध संघ त्याआधीपासून होते. गावोगाव संकलन केंद्रं झाली, फॅट मोजून पैसे मिळू लागले, दर दहा दिवसांनी बिल. किती घरं त्यावर उभी राहिली, किती मुलींची शिक्षणं झाली, माझी स्वतःचीही. त्या दुधाला नावं ठेवायची माझी तरी हिंमत नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी भारत जगात सर्वाधिक दूध काढणारा देश झाला. पण दूध मोजून विकायला लागल्यावर रेडकाच्या दोन सडांनाही भाव आला. आणि नर रेडकू तर कुणालाच नको झालं. बैल निदान औताला लागायचा, त्यालाही ट्रॅक्टरने घालवलं. रेडा मुळातच फारसा कामाचा नाही. कायदा पाहायला गेलं तर महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्या बंद झाली, २०१५ च्या दुरुस्तीत बैल-वळूही आले, पण म्हैस-रेडा त्या बंदीत नाहीत. आपला देश म्हशीचं मांस निर्यात करणाऱ्या मोठ्या देशांपैकी एक आहे. कोल्हापूर-सांगलीकडे आपण पितो ते बहुतेक म्हशीचंच दूध. या दोन गोष्टी एका वाक्यात ठेवायला मला जड जातं, पण त्या एकाच गोठ्यातून निघतात.

परदेशातल्या जैनांना हे आपल्याआधी दिसलं, कारण त्यांच्या समोर गोठा नव्हता, कारखाना होता. अमेरिकेतल्या जैन शिक्षणाचं काम करणारे प्रवीण शहा १९९५ साली व्हर्मोंट राज्यातला एक डेअरी फार्म पाहायला गेले आणि तिथे पाहिलेलं त्यांनी लिहून काढलं. तो लेख तिकडच्या जैन घरांत खूप फिरला. तिथल्या पुष्कळ कुटुंबांत दूध सुटण्याची सुरुवात अशा लिखाणातून झाली. आपल्याकडे ती मुलींमुळे होते आहे, हे माझं निरीक्षण. मुलगे कमी दिसले मला.

तर लेकीची बाजूही आपलीच निघाली, नाव तेवढं इंग्रजी. पण सासूबाईंचा प्रश्न अजून शिल्लक होता. जिभेला फसवण्याचा. दूध सोडलं तर सोडा, पण मग नारळाची बासुंदी, काजूचं पनीर, शेंगदाण्याचं दही हे नाटक कशाला?

त्यावर त्यांनी यशोधराची गोष्ट काढली. मंदिरातल्या शास्त्रवाचनात त्यांनी ती कितीदा ऐकली असेल. उज्जैनचा राजा यशोधर. त्याला वाईट स्वप्न पडतं. आई चंद्रमती म्हणते, देवीला बळी दे, अरिष्ट टळेल. राजा अहिंसा मानणारा, तो नाही म्हणतो. आई हट्ट धरते. शेवटी मधला मार्ग निघतो: जिवंत कोंबडा नको, पिठाचा करू. पिठाचा कोंबडा होतो, रंगवला जातो, राजा तलवारीने त्याची मान उडवतो. एकाही जिवाला धक्का नाही. तरीही मायलेकांना जन्मामागून जन्म भोगावे लागतात. मोर आणि कुत्रा, पुढे आणखी प्राणी, आणि शेवटी खरोखरच कोंबडा-कोंबडी. का? तर हात पिठावर पडला, पण मनात कोंबडा होता.

ही कथा आपल्या लोकांनी किती जपली ते पाहा. सोमदेवांनी ती संस्कृतात यशस्तिलकात लिहिली, इ.स. ९५९ मध्ये, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळात. त्याच शतकात पुष्पदंतांनी मान्यखेटला, म्हणजे आजच्या मालखेडला, ती अपभ्रंशात लिहिली. १२०९ मध्ये जन्न कवीने कन्नडमध्ये. जुन्या मराठीतही आपल्या जैन कवींनी ती गायली आहे. अगदी अलीकडे गिरीश कर्नाडांनी याच पिठाच्या कोंबड्यावर नाटक लिहिलं, 'हिट्टिन हुंज'. हजार वर्षं लोक या एका पिठाच्या गोळ्यापाशी अडून बसलेत.

पहिल्यांदा वाटलं, संपलं, सासूबाई जिंकल्या. बाजारात मिळणारी ती मटणासारखी दिसणारी, मटणासारखी लागणारी सोयाची पाकिटं आठवा. ती मला आधीही आवडत नव्हती, या गोष्टीनंतर तर घरात आणायची नाहीतच. ज्या चवीची आपल्या जिभेला कधी ओळख नव्हती ती मुद्दाम करून कशाला द्यायची?

पण खिरीचं तसं आहे का? रात्री भांडी आवरताना मी त्याच विचारात होते. यशोधराच्या पिठात मारण्याची इच्छा होती, प्राणी तेवढा वगळला होता. लेकीच्या नारळाच्या दुधात उलट आहे, इच्छाच मुळी रेडकाला सोडून देण्याची आहे. तिला खिरीची चव हवी, दूध काढून घेणं नको. भाव पाहायचा तर दोन्हींचे भाव दोन टोकांना आहेत. मात्र सासूबाईंचं त्यांच्या नेमापुरतं बरोबरच. त्यांनी रस सोडलाय. त्यांना नारळाचं दूध देणं म्हणजे मीठ सोडलेल्या माणसाला सैंधव देण्यासारखं. तीच वाटी एकीच्या व्रताला मदत करते आणि दुसरीचं व्रत पोकळ करते. मी दोघींना एका वाटीत बसवायला गेले, तिथे माझं चुकलं.

आणि गंमत पुढे आहे. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना विचारलं, तुमच्या आईच्या वेळी गुरुवारी खीर कशी व्हायची? म्हणाल्या, "आता गं, रोजच्यासारखीच. खिरीत दूध कोण घालतंय? दूध ताटात."

खरंच की! खपली भिजवून, सडून, तासन्‌तास शिजवायची, त्यात गूळ, ओलं खोबरं, खसखस, सुंठ, वेलची, जायफळ, थोडी बडीशेप. दूध पातेल्यात पडतच नाही, कारण गरम गुळात ते फाटतं. ते वाढताना वरून, तुपाबरोबर. म्हणजे पातेल्यातली आपली खीर आजीच्या काळापासून लेकीला चालणारी होती. तिचं तिला वेगळं काही करायचं कारणच नव्हतं, फक्त वाढणाऱ्या हाताला सांगायचं होतं. शेंगांची पोळीही तशीच, तिळाची पोळी तशीच, कटाची आमटी तर आहेच. (शेंगदाणा आपल्याला इतका आपला वाटतो, पण मिरचीसारखा तोही मूळचा अमेरिका खंडातला. कुठलीच आजी त्याला परका म्हणत नाही. आणि नकली तूप आणल्याबद्दल मुलींना हसण्याआधी डालडा आठवावा. तो १९३७ मध्ये आला आणि लग्नाच्या लाडवांत बसला, तेव्हा कुणी शास्त्र काढलं नव्हतं.)

खरा अडला तो पदार्थ म्हणजे कढी. लेकीला पावसाळ्यात कढी-भात लागतो, लहानपणापासून. आजारी पडली की तोच. दूध सोडल्यापासून तिने तो खाल्ला नव्हता. म्हणून शेंगदाण्याचं दही करून पाहिलं. वाटीभर शेंगदाणे गाळलेल्या पाण्यात सहा तास भिजवले, सालं काढली, तीन वाट्या पाणी घालून बारीक वाटले, फडक्यातून गाळले. ते दूध मंद आचेवर ढवळत उकळलं, नाहीतर बुडाला लागतं. कोमट झाल्यावर देठासकट चार सुक्या मिरच्या सोडून झाकून ठेवलं. मिरचीची युक्ती आपलीच, वर सांगितलेली. संध्याकाळपर्यंत लागलं, गाईच्या दह्याइतकं घट्ट नाही, पण ताक करायला पुरे. शेंगदाण्याचा वास येतो थोडा. जिऱ्या-मेथीच्या फोडणीत तो जातो, निदान निम्मा तरी.

बेसन कालवताना माझा हात थांबला. द्विदल! तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात कच्च्या गोरसात द्विदल मिसळून खाऊ नये असं सांगितलं, आणि आपल्याकडे काही घरांत दही गरम करून बेसन चालतं, काही घरांत अजिबात नाही. सासूबाईंनी द्विदलाचा त्याग घेतल्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून त्या कढी, दहीवडा, काहीच खात नाहीत. आमच्याकडे त्यांच्यापुरती आमसुलाची कढी होते, बेसनाशिवाय.

पण या पातेल्यात गोरस होता कुठे? गोरस नाही, तर द्विदलाचा दोष कशाने लागेल?

मी त्यांना विचारलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग लेकीलाच म्हणाल्या, "तुझ्या आईला विचार, आज वार कोणता?" शुक्रवार होता. दही सोडल्याचा दिवस. "आज नको. आज खाल्ली तर ती पिठाच्या कोंबड्यासारखी होईल." लेक हसली, पण आजी गंभीर होत्या. शनिवारी तेल नाही, म्हणजे फोडणी नाही. रविवारी मीठ नाही. लेकीला सोमवारी रात्रीच्या गाडीने परत जायचं होतं.

"सोमवारी सकाळी ताजं दही लाव," सासूबाई मला म्हणाल्या. "दिवस मावळायच्या आत जेवू दोघी. आणि कढीपत्ता घालू नकोस, सोमवारी मला हिरवं नाही."